दोरीवरचा कोट

नेपरव्हिल
१० फेब्रुवारी

चि. सावनीस,
अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी सकाळी मी आधी कचऱ्याचे डबे रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवले, कारण मंगळवार होता आणि घरातलं माणूस गेलं तरी मंगळवार यायचा थांबत नाही. एप्रिल असूनही रात्री बर्फ पडलं होतं. पायऱ्यांवरचं बर्फ ओढलं, मीठ टाकलं, आत येऊन दूध तापवलं आणि ओट्यावर दोन कप काढले. मग दुसऱ्या कपाकडे बघत उभी राहिले. तुझा काका जाऊन चार दिवस झाले होते. शंतनू वर झोपला होता. कप परत कपाटात ठेवायला हात झाला नाही, म्हणून मी त्यात पाणी घालून तो खिडकीतल्या तुळशीपाशी ठेवला.

तेवढ्यात समोरच्या घरातली मॉरीन आली. हातात काचेचं मोठं भांडं, त्यात बटाटे नि चीज, मांस नसलेलं, म्हणजे विचार करून केलेलं. ती कोचावर बसली, मी खाली चटईवर. बराच वेळ बसली, मग उठून गेली. दोन वर्षं होत आली, त्यानंतर तिने आपली पायरी चढलेली नाही. लांबून हात करते. अमेरिकन माणसांचं हे असंच. भांडं आणून दिलं की कर्तव्य संपलं.

हे सगळं आठवलं ते तुझ्या पत्रामुळे. तुमचा शेजारी मायकल आता फार दिवसांचा सोबती नाही असं लिहिलंस. त्याची बायको ब्रायडी अनिकाला रोज शाळेतून आणते, तुम्ही दोघं कामावरून येईपर्यंत तिला भरवते, खेळवते. तेव्हा तो गेला तर आपण कसं वागायचं ही तुझी काळजी खरी आहे. तुम्ही पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुली, तुम्हाला कोण शिकवणार? ऐक. मरण सगळीकडे सारखंच असतं, त्यामुळे रीतही सारखीच चालते. लगेच जायचं, बोलावण्याची वाट बघायची नाही. फार बोलायचं नाही, नुसतं बसायचं. त्या घरात चहापाणी घ्यायचं नाही, त्यांना आपलं करायला लावायचं नाही. निघताना ‘येते’ म्हणायचं नाही, कारण अशा निमित्ताने पुन्हा यायला नको. गुपचूप उठायचं आणि निघायचं. घरी आल्यावर आधी अंघोळ, अंगावरचं सगळं धुवायला टाकायचं. एवढं केलंस की कोणी नाव ठेवणार नाही.

वाचनालयातून आयर्लंडवरची पुस्तकं आणली आहेत. तुमच्या किलमोरनच्या टेकडीवर ती छप्पर नसलेली घरं आहेत ना, ती दुष्काळातली आहेत. बटाटा कुजला, माणसं उपाशी मेली, उरलेली बोटीत बसली. तू त्यांच्या शेजारून रोज गाडी चालवतेस आणि मला लिहितेस की ‘व्ह्यू मस्त आहे.’ जरा थांबून बघत जा.

शंतनू म्हणतो, आई, व्हिडिओ कॉल कर ना यार, पत्रं काय लिहितेस. फोनवर माणसं माझा आवाज ऐकतात आणि मी बरी आहे की नाही ते ठरवतात. पत्रात मी काय म्हणते ते वाचावं लागतं. म्हणून तूही लिहीत जा.

अनिकाला गोड पापा. यतीनला आशीर्वाद.
शैलजाकाकू


किलमोरन, काउंटी मेयो
३ मार्च

ती. शैलजाकाकूस,
सा. न.

काकू, मायकल गेला. २७ तारखेला, पहाटे, घरीच. तुझं पत्र आठवडाभर आधी आलं होतं, किती बरं झालं. मी एकदम तयार होते.

इथे माणूस गेलं की त्याला घरातच ठेवतात, पुढच्या खोलीत, सूट घालून. दोन दिवस सगळं गाव येऊन जातं. त्याला वेक म्हणतात. त्या अरुंद रस्त्यावर इतक्या गाड्या आल्या की फुटबॉल क्लबची मुलं पिवळी जॅकेटं घालून ट्रॅफिक सांभाळत होती. शेजारच्या बायांनी ब्रायडीच्या स्वयंपाकघराचा ताबाच घेतला होता. सँडविचचे ढीग, केक, आणि चहा तर संपतच नव्हता. काकू, तुला खरं वाटणार नाही, लोक हसत होते! मायकलने एकदा पाद्रीबुवांची गाय चुकून विकली, ती गोष्ट एक जण सांगत होता, आणि मायकल तिथे शेजारी पेटीत. मला कुठे बघावं कळेना.

मी तू सांगितलंस तसंच केलं. रांगेतून जाऊन ब्रायडीचा हात हातात घेतला, कोपऱ्यातल्या खुर्चीवर शांत बसले. चहा तीनदा विचारला, तिसऱ्यांदा स्वतः ब्रायडी कप घेऊन आली. ‘नो, थँक यू’ म्हटलं आणि नुसती मान हलवली. तिला अशा वेळी माझं करायला कशाला लावायचं? मग हळूच उठले आणि कोणाशी न बोलता निघाले. यतीनला सांगितलं की आमच्या काकूचं ट्रेनिंग आहे.

घरी येऊन अंघोळ केली, सगळे कपडे धुतले. काळा लोकरी कोटही हाताने धुतला आणि मागच्या दोरीवर टाकला. वारा छान होता, संध्याकाळपर्यंत अर्धा वाळलाही.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये गेलो, मागच्या बाकावर बसलो. अनिका विचारत होती की मायकल काका आता कुठे राहणार. मी म्हटलं, चर्चच्या मागे. ती म्हणाली, ‘दॅट्स क्लोज.’

तू बरी आहेस ना?
तुझी,
सावनी


नेपरव्हिल
१४ मार्च

चि. सावनीस,
आशीर्वाद.

शाबास. अगदी नीट वागलीस. तुझ्या काकाला सांगायला हवं होतं, त्याला वाटायचं तुमची पिढी नुसतं ‘आर.आय.पी.’ टाइप करून मोकळी होते.

हसण्याचं आश्चर्य मलाही वाटलं. मग पुस्तकात सापडलं की पूर्वी त्या गावांत जिवंत माणसाचाही वेक करत. त्याला अमेरिकन वेक म्हणत. मुलगी शिकागोला निघाली की आदल्या रात्री सगळं गाव तिच्या घरी जमायचं. नाच, गाणी, खाणंपिणं, आणि पहाटे म्हाताऱ्या बाया मयताला रडतात तसं मोठ्याने रडायच्या. कारण ती परत येणार नाही हे सगळ्यांना माहीत असायचं. बोटीपर्यंत सोबत जायचं आणि तिथून मागे फिरायचं. तू लिहिलं होतंस ना, ब्रायडीच्या चार आत्या अमेरिकेला गेल्या, त्या अशाच गेल्या असतील बघ.

हे मी वाचनालयातल्या खिडकीपाशी बसून वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. मी कऱ्हाडहून निघाले तेव्हा माझ्या आईने हातावर दही ठेवलं. ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हण, एवढंच म्हणाली. मी ‘येते’ म्हटलं. रडलं कोणीच नाही. आम्हाला खरंच वाटत होतं की मी दर वर्षी येईन. आई गेली तेव्हा मी इथे शंतनूच्या वेळी दवाखान्यात होते.

मी अकरावीत शाळा सोडली. इथे आल्यावर मुलांच्या पुस्तकांतून इंग्रजी शिकले, शंतनूच्या आधी मीच ती वाचून संपवली. तेव्हा माझं वाचन म्हणजे प्रोफेसरांचं वाचन नाही. पण त्या गावाच्या लोकांना रडायचं कधी आणि हसायचं कधी ते कळत होतं, असं मला वाटतं. आपलं थोडं उलटं झालं.

ब्रायडीला माझा नमस्कार सांग. आता ती एकटी आहे, तिला अनिकाचा आधार होईल.
काकू


किलमोरन
१६ मार्च

काकू,

हे पत्र मी गाडीत बसून लिहिते आहे, फार्मसीच्या पार्किंगमध्ये, लंच ब्रेकमध्ये. घरी लिहिलं तर रडेन.

काहीतरी बिनसलंय. ब्रायडीचं मागचं दार दिवसभर नुसतं ढकललेलं असायचं, अनिका स्वतःच आत शिरायची. आता ते बंद असतं. अनिकाला ती अजून शाळेतून आणते, पण आमच्या दारात सोडते आणि जाते. ‘तुम्ही कामाची माणसं, मी मध्ये नको,’ एवढंच. मी डाळ-भात नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी डबा धुऊन पायरीवर ठेवलेला. दुकानात सगळे ‘हाउ आर यू’ म्हणतात आणि मग एकदम टोमॅटो निवडायला लागतात. इथे कोणी तोंडावर काही बोलत नाही गं! भांडले असते तर बरं झालं असतं.

मी काय केलं तेच कळत नाही. तीन वर्षं झाली इथे, मला वाटलं होतं आपलं गाव झालं.

यतीन म्हणतो, बास झालं. त्याला डब्लिनला कंपनीच्या मुख्य ऑफिसजवळ घर मिळतंय. तिथे मराठी मंडळ आहे, गणपती बसतो, कोणाच्या मनात काय चाललंय ते ओळखत बसायला नको. घरमालकाला महिनाअखेरीस कळवायचं आहे. शाळेच्या बाईंना मी हळूच सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. अनिका गेली तर पटावरची संख्या खाली जाते, मग दुसऱ्या शिक्षिकेला काढतात. दोन बाईंची शाळा एका बाईंची होईल. म्हणजे जाऊनही आम्ही गावाचं वाईटच करणार.

२८ तारखेला मायकलची महिन्याची प्रार्थना आहे. त्याला मंथ्स माइंड म्हणतात. चर्चमध्ये प्रार्थना आणि मग ब्रायडीच्या घरी चहा. मी जाणार नाहीये. जिथे नको आहोत तिथे कशाला?

सॉरी, असलं पत्र लिहायचं नव्हतं.
सावनी


नेपरव्हिल
२५ मार्च

सावनी,

हे पत्र मी हाताने लिहिते आहे आणि लिहून झाल्यावर एकेका पानाचा फोटो काढून तुला फोनवर पाठवणार आहे. आयुष्यात पहिल्यांदा. पोस्टाने पोचेपर्यंत २८ तारीख निघून जाईल. फोटो तिरका आला तर मान तिरकी करून वाच.

तुझं पत्र आज दुपारी आलं. वाचलं, दोनदा वाचलं. मग तुझं मागचं पत्र काढलं, वेकचं, आणि तिथे एका ओळीवर थांबले. पण पुस्तकात काही मिळेना. पुस्तकात दुष्काळ आहे, जमीनदार आहेत, नाच आहेत. चहा नाकारला तर काय होतं हे कोणीच लिहीत नाही. मग म्हटलं, मॉरीनला विचारावं. तिचे आजी-आजोबा आयर्लंडचे. दोन वर्षं आमचं बोलणं हात हलवण्यापुरतं, पण तुझ्यासाठी मी तिची बेल वाजवली.

तिने दार उघडलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन चालते, मला माहीतही नव्हतं. ‘शैला?’ म्हणाली, ‘आग लागली का कुठे?’

मी म्हटलं, ‘नाही. एक विचारायचं आहे. तुमच्यात वेकला गेलं आणि चहा घेतला नाही तर काय होतं?’

‘का? चहात काय पडलं होतं?’

‘काही नाही. माझी पुतणी आहे, आयर्लंडला. शेजारी वारला. तिला तीनदा चहा विचारला, तिने घेतला नाही.’

‘शेवटी कोणी विचारला?’

‘त्या माणसाच्या बायकोने. स्वतः कप घेऊन आली होती.’

‘आणि घेतला नाही.’ मॉरीन खुर्चीत बसली. ‘निघताना काय म्हणाली?’

‘काहीच नाही. गुपचूप निघाली.’

‘मग घरी जाऊन काय केलं?’

मी म्हटलं, ‘कपडे धुतले. कोटासकट. आणि दोरीवर घातले.’

‘दोरी कुठे आहे?’

मी थांबले होते ती हीच ओळ, सावनी, ‘मागच्या दोरीवर टाकला.’ तू मागे एकदा लिहिलं होतंस की ब्रायडी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुझी दोरी बघते आणि पाऊस आला की अनिकाचे कपडे तुझ्या आधी काढून ठेवते. मी ते मॉरीनला सांगितलं. तिने कपाळावर हात मारला.

‘जीझस, मेरी अँड जोसेफ! अगं, त्या बाईचा नवरा अजून पुढच्या खोलीत होता. आणि खिडकीतून तिला काय दिसलं? तिच्या घरात बसून आलेला कोट धुऊन टांगलेला!’

मी म्हटलं, ‘आमच्यात तसंच करतात. मीच सांगितलं तिला.’

मॉरीन म्हणाली, ‘म्हणजे तू माझ्याशी केलंस तेच.’

मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, ‘मी आले होते. तू जमिनीवर बसली होतीस. मी एवढा वेळ बसले, तू मला पाणीसुद्धा विचारलं नाहीस. ठीक आहे, दुःखात आहेस. मी उठले तर तू मान खाली घातलीस, एक शब्द नाही. दोन आठवड्यांनी तुझ्या मुलाने माझं भांडं पोर्चवर ठेवलं. चकाचक, रिकामं. बेलही वाजवली नाही. मी म्हटलं, झालं. समजलं मला.’

‘सुतकात आलेल्याला काही देत नाहीत,’ मी म्हटलं. ‘आणि भांडं भरूनही देत नाहीत. एरवी मी रिकामं भांडं कधी परत करत नाही. एरवी त्यात लाडू आले असते.’

‘मला काय माहीत!’

‘आणि तू आलीस ते मला फार बरं वाटलं होतं.’

‘मग सांगायचं होतंस, बाई!’

‘तेच तर सांगत नाहीत.’

‘तुमच्यात काय काय सांगत नाहीत त्याची एकदा यादी दे मला,’ ती म्हणाली, आणि हसायला लागली. मीही हसले. हसता हसता तिने डोळे पुसले. तिचा नवरा सात वर्षांपूर्वी गेला. तेव्हा तुझा काका तिच्या पायऱ्यांवरचं बर्फ काढायचा. हे मला तिच्याकडून कळलं. मला म्हणायचा, जरा पाय मोकळे करून येतो.

तर सावनी, चूक तुझी नाही. ब्रायडीचीही नाही. मी तुला सांगितलं की मरण सगळीकडे सारखं म्हणून रीतही सारखी. मरण सारखं आहे, रीत नाही. मी रस्त्यापलीकडे विचारलं असतं तर मला हे दोन वर्षांपूर्वीच कळलं असतं. मॉरीनने तिचं बरोबर केलं, मी माझं बरोबर केलं, आणि मधला रस्ता कोणी ओलांडला नाही. तुझ्याकडे तर रस्ताही नाही, नुसती एक दोरी आहे.

आता काय करायचं ते ऐक. हे मॉरीनचं सांगणं आहे, माझं नाही, म्हणून यावर भरवसा ठेव. २८ तारखेला जा. चर्चमध्ये जा आणि नंतर घरीही जा. दारात उभं राहून भाषण करू नकोस, त्याने ती लाजेल. सरळ स्वयंपाकघरात शीर आणि कप पुसायला घे. ती म्हणते, त्यांच्याकडचं खरं बोलणं सगळं तिथेच होतं, हात ओले असताना. पहिला चहा दिला तर घे. दुसरा दिला तर तोही घे. केक खा. आणि निघताना ‘येते’ म्हण. मोठ्याने म्हण.

मग डब्लिनला जायचं तर खुशाल जा. पण गैरसमजाने जाऊ नकोस. तिथून निघालेली एक पिढी रडून गेली, पण काय कारणाने जातोय ते सगळ्या गावाला माहीत होतं.

शंतनूला फोन करून फोटो कसा पाठवायचा ते विचारते.
काकू


किलमोरन
२ एप्रिल

ती. काकूस,
सा. न.

तुझे फोटो मिळाले. एका पानावर तुझा अंगठा आहे, पण वाचता आलं सगळं. हे मी मुद्दाम पोस्टाने पाठवतेय. फोनवर तू ‘काय झालं’ विचारलंस तेव्हा मी फक्त ‘चांगलं झालं’ म्हटलं, कारण नीट लिहायचं होतं.

आम्ही तिघं गेलो. प्रार्थना झाल्यावर सगळे तिच्या घरी वळले. माझे पाय दारातच अडकले होते. यतीन म्हणाला, चल, काकूचं नवीन ट्रेनिंग. मी सरळ स्वयंपाकघरात गेले. ब्रायडी सिंकपाशी होती. मी खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि कप पुसायला लागले. तिने बघितलं. एक कप दिला, मग दुसरा. चारपाच कप झाल्यावर मागे न बघता म्हणाली, ‘कोट आटला का?’

काकू, माझ्या हातातला कप पडायचा राहिला. मी म्हटलं, ‘हो, बाह्या आखूड झाल्या.’

‘लोकर गरम पाण्यात घालू नये,’ ती म्हणाली.

मग मी सांगितलं. सगळं. मयताच्या घरून आल्यावर आम्ही अंघोळ करतो, कपडे धुतो, कोणाचंही घर असो, माझ्या सख्ख्या काकाची बातमी आली तेव्हाही माझ्या बाबांनी तेच केलं. चहा घेत नाही, कारण त्या घराला त्रास नको. आणि निघताना काही म्हणत नाही, कारण आमच्याकडे निघताना ‘पुन्हा येते’ म्हणतात, आणि असल्या कारणासाठी पुन्हा यायची वेळ येऊ नये.

ती कप धुवायची थांबली. म्हणाली, ‘मला वाटलं, तुला आमची घाण वाटली. मायकलची. शेवटच्या आठवड्यात घराला वास येत होता, मला माहीत आहे. मी खिडक्या उघडून ठेवल्या होत्या. आणि मग तो कोट दिसला.’

मी तिला ओल्या हातांसकट मिठी मारली. इथे मिठी फार मारत नाहीत, ती आधी खांबासारखी उभी राहिली. मग माझ्या पाठीवर थोपटलं, साबणाच्या हाताने, तोच कोट भिजला.

मग एकदम म्हणाली, ‘पण काही न बोलता गेलीस, तर तू परत येणार की नाही ते माणसाला कळायचं कसं?’

मी म्हटलं, ‘आले ना.’

‘महिना लावलास,’ ती म्हणाली.

मग तिने चहा ओतला. मी दोन कप घेतले, तुझी शपथ, आणि फ्रूट केक, आणि मग कोणीतरी सँडविच दिलं तेही. गायीची गोष्ट पुन्हा झाली. या वेळी मी हसले. त्या गोष्टीचा शेवट मला त्या दिवशी कळलाच नव्हता, मी मान खाली घालून बसले होते. पाद्रीबुवांनी स्वतःचीच गाय पैसे देऊन परत घेतली आणि वर मायकलला जेवायला बोलावलं.

निघताना मी दारात उभी राहून मोठ्याने ‘येते’ म्हटलं, मराठीतच. सगळे बघायला लागले. अनिकाने त्यांना समजावलं, ‘इट मीन्स शी इज कमिंग बॅक. शी हॅज टू.’

यतीनने डब्लिनच्या घराला नाही म्हणून कळवलं. शाळेच्या बाईंना सांगायला मी अनिकाला पाठवलं. मागचं दार परत ढकललेलं असतं. काल पाऊस आला तेव्हा मी कामावर होते. घरी आले तर कपडे घड्या करून ओट्यावर ठेवलेले.

ब्रायडी विचारते, तुझी ती काकू कधी येणार? ब्रायडीच्या एका आत्याचं शेवटचं पत्र शिकागोहून आलं होतं, तिला कुठे पुरलं ते कोणालाच माहीत नाही. मी म्हटलं, काकूला पुस्तकं दिली की ती शोधेल.

तुझी,
सावनी


नेपरव्हिल
२० एप्रिल

चि. सावनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तेरा तारखेला आलं. मी ते मॉरीनला इंग्रजीत वाचून दाखवलं. कोट आटल्याच्या जागी ती म्हणाली, ‘ही बाई मला आवडली.’ आत्याचं नाव कळव, ती कोणत्या वर्षी निघाली तेही. मॉरीन म्हणते, दक्षिण शिकागोच्या जुन्या चर्चमध्ये नोंदी असतात. गुडघा बरा झाला की आम्ही दोघी जाऊ. गाडी ती चालवणार. ती तीस वर्षं शाळेची बस चालवत होती, त्यामुळे माझं काही ऐकत नाही.

१८ तारखेला तुझ्या काकाचं श्राद्ध होतं. मागच्या वर्षी गुरुजी स्क्रीनवर होते आणि मी एकटी पाटावर. या वर्षी सकाळी तेच केलं, पान वाढलं, कावळ्यासाठी अंगणात ठेवलं, खारीने नेलं. काकाला खारी आवडायच्या, त्याची हरकत नसावी. पण संध्याकाळी मी पोर्चवरचा दिवा लावला आणि पुढचं दार उघडं ठेवलं. मॉरीनने आदल्या दिवशी रस्त्यातल्या सगळ्या घरांना सांगितलं होतं. मी मंडळातल्या माणसांना कळवलं होतं, आणि तुझ्या काकाच्या सकाळच्या ऑफिसच्या ट्रेनमधल्या सोबत्यांना. शंतनू मिशिगनमधल्या ट्रॉयहून गाडी चालवत आला. त्याला वाटलं होतं मी दुःखी आहे म्हणून बोलावलं. दारात एवढ्या चपला आणि बूट बघून म्हणाला, ‘आई, इज धिस अ पार्टी?’ मी म्हटलं, नाही, ही सावनीच्या गावची रीत आहे, तू चहा दे लोकांना.

माझे कप पुरले नाहीत. मॉरीनने तिच्या घरून सहा आणले, निळ्या काठाचे, तिच्या लग्नातले.

सावनी, मला माहीत नव्हत्या इतक्या गोष्टी त्या संध्याकाळी कळल्या. तुझा काका ट्रेनमध्ये डबा उघडायचा आणि अर्धा समोरच्या माणसाला द्यायचा, आणि मला रोज सांगायचा की पोळ्या कमी पडतात. म्हणून मी सहाच्या आठ केल्या होत्या. तो माणूस आला होता. त्याने मला दंडवतच घातला, अमेरिकन माणूस, तुझ्या काकानेच शिकवलेला. सगळे इतके हसले की शंतनू स्वयंपाकघरात जाऊन रडला. मी त्याच्या हातात टॉवेल दिला आणि कप पुसायला लावले. बरं वाटलं त्याला.

मी रडले नाही. मला रडायचं असेल तेव्हा मी रडते, ते रोजचं आहे, सकाळी दूध तापवताना. पण त्या दिवशी सकाळी मी दोन कप काढले आणि दुसऱ्यातही चहा ओतला. मॉरीन लवकर येणार होती.

जाताना सगळे दारात उभे राहून बोलत होते, कोणी हलेना. मी प्रत्येकाला ‘या’ म्हटलं. श्राद्धाच्या दिवशी म्हणावं की नाही ते मला माहीत नाही, कोणाला विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी सगळे कप धुतले, मॉरीनचे सहा वेगळे काढले, त्यातल्या एकात साखर भरली आणि रस्ता ओलांडून तिला देऊन आले.

काकू